सायलेंट हिल ४ : द रूम – ३०२ नंबरच्या खोलीत पुन्हा एकदा

कडीकुलूप

'सायलेंट हिल' या हॉरर व्हिडिओ गेमच्या मालिकेबद्दल बोलणं निघालं की दर वेळी तेच होतं. पहिल्या गेमला मान, दुसऱ्याची पूजा, तिसऱ्यातल्या हेदरचं कौतुक आणि मग गाडी थेट दुसऱ्याच्या २०२४ च्या रिमेकवर. मधला २००४ सालचा चौथा गेम राहूनच जातो. कुणी नाव काढलंच तर "तो ना, अर्धा चांगला आणि अर्धा तोच तोच" एवढ्यावर विषय मिटतो. बरीच वर्षं मीही हेच म्हणत आलो. गेल्या महिन्यात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत परत खेळलो आणि आता वाटतंय की आपण या गेमला नीट न्याय दिलेलाच नाही. म्हणून हा धागा काढतोय. स्पॉयलर भरपूर आहेत, शेवटासकट. ज्यांना अजून खेळायचाय त्यांनी इथूनच परत फिरा.

ज्यांना विसर पडलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. हेन्री टाउनशेंड साउथ ॲशफील्ड हाइट्स नावाच्या इमारतीत ३०२ नंबरच्या घरात एकटा राहतो. पाच दिवसांपासून त्याला बाहेर पडता आलेलं नाही. दाराला साखळदंड घातलेत, कुलपं लावलीत आणि हे सगळं आतल्या बाजूने. वर दारावर लिहून ठेवलंय की बाहेर जाऊ नकोस, खाली सही 'वॉल्टर'. फोन बंद, खिडक्या उघडत नाहीत, ओरडलं तरी बाहेरच्याला ऐकू जात नाही. मग एक दिवस बाथरूमच्या भिंतीला माणूस आत शिरेल एवढं भगदाड पडतं. त्यातून सरपटत गेलं की पलीकडे निर्मनुष्य मेट्रो स्टेशन लागतं, पुढे जंगल, मग पाण्यावरचा तुरुंग, अशा एकेक जागा. प्रत्येक ठिकाणी एक माणूस भेटतो आणि मारला जातो. हेन्री दर वेळी आपल्या पलंगावर जागा होतो.

आता मुद्द्यावर येतो. सर्व्हायव्हल हॉररमध्ये एक अलिखित करार असतो. गेम तुम्हाला वाट्टेल तेवढं घाबरवेल, पण अधूनमधून एक खोली देईल जिथे कुणी येणार नाही. १९९६ च्या पहिल्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये टाइपरायटरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ते शांत संगीत सुरू झालं की खांदे आपोआप सैल पडायचे. सामानाची पेटी तिथेच, सेव्हही तिथेच. 'द रूम'ने त्याच खोलीचं घर केलं. ३०२ मध्येच सेव्ह करता येतं, मोठी पेटी तिथेच आहे, आणि पहिल्या अर्ध्या भागात नुसतं तिथे उभं राहिलं तरी हेन्रीच्या जखमा हळूहळू भरून येतात. बाहेर सगळं थर्ड पर्सनमध्ये, म्हणजे हेन्री समोर दिसेल असं, दिसतं. घरात मात्र कॅमेरा हेन्रीच्या डोळ्यांत जातो. तुम्ही स्वतः त्या घरात फिरता. फ्रिज उघडून बघता, खिडकीतून समोरच्या इमारतीतली माणसं बघता, दाराच्या भिंगातून कॉरिडॉर न्याहाळता. सहासात तासांत ते घर तुमचं होऊन जातं.

आणि मग ते काढून घेतलं जातं. साधारण निम्म्यावर आल्यावर जखमा भरणं बंद होतं. एकदा परत येता आणि घड्याळाचे काटे गरागरा फिरत असतात. पुढच्या खेपेला टीव्ही आपोआप चालू, नळातून रक्त, भिंतीतून बाळांचे चेहरे वर आलेले. जवळ गेलं की डोकं ठणकतं आणि जीव कमी होतो. सेव्ह करायला तर तिथेच यायचंय! दुसऱ्या कुठल्याच गेमने हा करार इतक्या उघडपणे मोडलेला मी पाहिलेला नाही. यावेळी त्या दुसऱ्या भागात माझ्या लक्षात आलं की मला बाहेरच्या राक्षसांची भीती उरलेलीच नाही. भगदाडातून घरी परतताना पोटात गोळा येत होता.

पूर्वी मी या भागाला कंटाळवाणा म्हणत होतो, कारण माझं लक्ष बाहेरच्या नकाशांवर होतं. त्या जागा परत येतात हे खरंच आहे. पण गोष्ट घराची चालली होती आणि ती एका ठिकाणीही थांबत नाही.

तुमचं काय मत? ज्यांनी तेव्हा खेळून बाजूला ठेवला त्यांनी जरूर लिहा.

जुनीडिस्क

लेख आवडला, घराबद्दलचं सगळं मान्य. पण मी हा गेम तीनदा पूर्ण केलाय, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

गेमच्या दुसऱ्या अर्ध्या भागात शेजारच्या घरातली इलीन बरोबर येते. हात प्लास्टरमध्ये, एका डोळ्यावर पट्टी, लंगडत चालते. ती मरत नाही हे खरं, पण तिला जितका मार बसतो तितकी ती झपाटली जाते आणि त्यावर शेवट ठरतो. म्हणजे प्रत्येक दरवाज्याशी थांबा, ती येईपर्यंत वाट बघा, तोवर मागून भूत येणार. आणि भुतं मारता येत नाहीत! ही कल्पना कागदावर भयंकर सुंदर आहे. ज्यांना मरताना पाहिलं तीच माणसं परत येतात, भिंतीतून आरपार निघतात, नुसती जवळ आली तरी जीव खातात. पण प्रत्यक्ष खेळताना, आधी मारल्या गेलेल्या सिंथियाचं भूत स्टेशनात पाठीमागे लागलं की घाबरायला होत नाही, चिडायला होतं. खाली पाडायचं, तलवार असेल तर खुपसून जमिनीला खिळवायचं, नसेल तर पळायचं. तलवारी मोजक्याच.

आणि ती इन्व्हेंटरी, म्हणजे सोबतच्या सामानाची यादी. दहा खण. गोळ्यांना वेगळा खण, मेणबत्तीला वेगळा, तुटलेल्या गोल्फ क्लबलाही वेगळा. यादी उघडल्यावर गेम थांबत नाही, म्हणजे मारामारी चालू असताना वस्तू शोधायची. खण भरले की भगदाड गाठा, घरी जा, पेटीत टाका, परत या. तुम्ही म्हणता घरी यायची भीती वाटते. मला चौथ्या फेरीनंतर भीती वाटेनाशी झाली होती. सवयीची भीती फार दिवस टिकत नाही.

'सायलेंट हिल ३' आला २००३ मध्ये, हा २००४ च्या जूनमध्ये. सव्वा वर्षसुद्धा नीट नाही. या गेमच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तेच नकाशे वापरण्यामागे विचार होता असं मानायला मी तयार आहे, पण वेळेची चणचण होती हेही तितकंच शक्य वाटतं.

पाऊसवेडी

दोघांचंही वाचलं. मला तुमच्या दोघांच्या मधलं काहीतरी म्हणायचंय.

मी हा गेम मोठ्या भावंडांना खेळताना बघत बघत पाहिला, कंट्रोलर हातात आला तो बऱ्याच नंतर. म्हणून असेल, मला लढाया आठवतच नाहीत. मला आठवतं ते दाराचं भिंग. समोरच्या भिंतीवर रक्ताने माखलेल्या हातांचे ठसे असतात. सुरुवातीला पंधरा. स्टेशनावरून परत येऊन बघितलं की सोळा. गेम त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. ज्याने मोजले त्याला कळतं. मी मोजले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेजारी आणि इमारतीचा व्यवस्थापक फ्रँक दाराशी येतात तो प्रसंगही तसाच. ते बाहेर उभे राहून काळजीने बोलतायत, हेन्री आतून दार बडवतोय, आणि मधे फक्त एक फळी. ही मदतीला आलेली चांगली माणसं आहेत, त्यांना तो दिसत नाही एवढंच. एकटेपणावरचा यापेक्षा नेमका प्रसंग मला या मालिकेत आठवत नाही. दुसऱ्या गेममधलं दुःख अपराधाचं होतं. इथे हेन्रीने काहीच केलेलं नाही. तो फक्त कुणाच्या आयुष्यात नव्हता, म्हणून तो हरवलाय हे कळायला पाच दिवस लागले.

लोक हेन्रीला मख्ख म्हणतात, त्याला भावनाच नाहीत म्हणतात. मला तो तसाच हवा होता. भिंतीवर त्याने काढलेले फोटो बघा, एकातही माणूस मध्यभागी नाही. तळं, दीपगृह, रस्ते. बघत राहणारा माणूस आहे तो.

संगीताबद्दल कुणी बोललंच नाही अजून! अकिरा यामाओका या गेमचा निर्माताही होता आणि संगीतकारही. मेरी एलिझाबेथ मॅग्लिनच्या आवाजातलं 'रूम ऑफ एंजल' ऐका, अंगाईसारखं सुरू होतं आणि कुणाची अंगाई ते गेम संपल्यावर कळतं. खोलीत मात्र संगीत जवळजवळ नाहीच. फ्रिजची घरघर, बाहेरच्या गाड्या, वर कुणाची तरी पावलं. पहिल्या तीन गेममध्ये राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरायचा. इथे रेडिओ नाही, टॉर्चही नाही. सावध करणारं कुणी उरलं नाही.

कडीकुलूप

@जुनीडिस्क, इन्व्हेंटरीबद्दल माझी हार मान्य. दहा खणांचं समर्थन मी करणार नाही. तुटलेला क्लब वाटेत टाकून देता येत नाही हे आजही खटकतं.

इलीनबद्दल मात्र थोडं भांडतो. तिला सोबत घेऊन पळापळ करावी अशी गेमची अपेक्षा असते असं आपण धरून चालतो. मी यावेळी वेगळं केलं. प्रत्येक जागी एक निवांत खोली शोधली, आधी एकटा जाऊन वाट मोकळी केली, मग तिला आणलं. तिच्या हातात साखळी दिली की ती बऱ्यापैकी लढते. झपाटलेपण वाढलंच तर तिच्याजवळ पवित्र मेणबत्ती लावली की उतरतं. पण तीच मेणबत्ती घरातल्या उपद्रवांवरही लागते. म्हणजे एकच मेणबत्ती घरासाठी वापरायची की माणसासाठी, हा प्रश्न गेम तुम्हाला कैकदा विचारतो आणि कधी तोंडाने बोलत नाही. मला यात फार मोठी गोष्ट दिसली.

शेवटांकडे बघा म्हणजे पटेल. चार शेवट आहेत. इलीन वाचली आणि घरातले बहुतेक उपद्रवही तुम्ही घालवले असतील तर दवाखान्यात ती म्हणते की आता राहायला नवी जागा शोधायला हवी. इलीन वाचली पण घर तसंच सोडलं असेल, तर ती म्हणते आपण घरी परत जाऊ. तोच प्रसंग, तीच फुलं, आणि शेवटी पडद्यावर ती ३०२ नंबरची खोली. ज्याने घर साफ केलं त्यालाच घर सोडता येतं. हे दोन शेवट मी लागोपाठ बघितले तेव्हा दुसऱ्या भागातल्या त्या सगळ्या फेऱ्यांचा अर्थ लागला.

@पाऊसवेडी, हातांचे ठसे मी पहिल्यांदा खेळताना मोजलेच नव्हते. यावेळी मोजले. धन्यवाद द्यावेत की रागवावं कळत नाहीये, पण मनापासून धन्यवाद.

निशाचर

धाग्याला उशीर झाला मला. वॉल्टरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बऱ्याच जणांचा समज आहे की हा मुळात वेगळाच गेम होता आणि वर मालिकेचं नाव चिकटवलं. तसं म्हणणाऱ्यांनी 'सायलेंट हिल २' मधलं ते कात्रण आठवावं. वॉल्टर सुलिव्हन, दोन लहान भावंडांचा खुनी, कोठडीत चमच्याने स्वतःचा जीव घेतो. २००१ च्या गेममधली ती चार ओळींची बातमी, आणि तीन वर्षांनी त्यावर अख्खा गेम उभा. फ्रँकचं आडनावही सुंदरलँड. दुसऱ्या गेमच्या जेम्सचा बाप. फ्रँकचा मुलगा आणि सून सायलेंट हिलला गेले ते परतलेच नाहीत, हे फ्रँककडून ऐकल्याचं हेन्री एका वाक्यात सांगून जातो. मालिकेशी इतके घट्ट धागे असताना उपरा कसा म्हणायचा?

आणि वॉल्टरला नक्की हवंय काय? नवजात असताना आईवडील त्याला ३०२ मध्ये टाकून गेले. पुढे पंथाच्या अनाथाश्रमात वाढला आणि तिथे त्याच्या मनात भरवलं गेलं की ती खोलीच त्याची आई. एकवीस माणसांचा बळी दिला की आई जागी होईल. सोळावी सिंथिया, सतरावा जॅस्पर, अठरावा अँड्र्यू, एकोणिसावा रिचर्ड, विसावी इलीन, एकविसावा हेन्री. म्हणजे हेन्री ज्याला आपलं घर समजतो ते दुसऱ्या कुणाच्या तरी लेखी आईचं पोट आहे. भगदाडातून सरपटत जाणं, पलंगावर पुन्हा पुन्हा जागं होणं, फ्रँकने इतकी वर्षं पेटीत जपून ठेवलेली वॉल्टरची नाळ, सगळं त्या एका कल्पनेत बसतं. कडीकुलूप म्हणतात घर काढून घेतलं जातं. मी म्हणेन की ते हेन्रीचं कधीच नव्हतं. भाडेकरूने मालक समजावं तसं आपण समजत होतो.

छोटा वॉल्टर इमारतीत फिरताना दिसतो, आईला भेटायचंय म्हणतो. मोठा वॉल्टर पिस्तूल आणि चेनसॉ घेऊन मागे लागतो. एकाच वेळी दोघं. या मालिकेत दुसऱ्या कुठल्याच खलनायकाची इतकी कीव आली नाही मला.

पाण्यावरच्या तुरुंगाबद्दलही बोलायला हवं. गोल इमारत, भोवती कोठड्या, मधोमध पहारेकऱ्याची जागा. एकाने सगळ्यांवर नजर ठेवायची आणि कुणालाच कळू नये की आत्ता आपल्यावर नजर आहे का. जेरेमी बेन्थमने अठराव्या शतकात अशाच तुरुंगाची कल्पना मांडली होती. गेममध्ये त्यात अनाथाश्रमातली मुलं डांबलेली. मजले फिरवून भोकं एका रेषेत आणायचं ते कोडं या गेममधलं सगळ्यात उत्तम आहे, कारण तुम्ही सोडवता सोडवता पहारेकऱ्याच्याच जागी उभे राहता. आणि तोवर तुम्ही घरी बसून भिंतीच्या छिद्रातून इलीनच्या खोलीत डोकावलेले असता. कोण कुणावर नजर ठेवतंय, हा प्रश्न तिथून सुटतच नाही.

जुनीडिस्क

निशाचर, कोड्याबद्दलचा मुद्दा मला कधी सुचलाच नव्हता. तुरुंगाच्या बाबतीत शंभर टक्के सहमत.

तुमच्या पोस्टवरून एक आठवलं. २०१४ मध्ये 'पी. टी.' हा छोटा हॉरर गेम आला तेव्हा सगळे म्हणाले, फर्स्ट पर्सन, एकच घर, तीच ती वाट, असं कधी झालंच नाही. मला तेव्हाही वाटलं होतं की याच मालिकेने दहा वर्षं आधी हे केलंय, फक्त कुणी लक्ष दिलं नाही. एकाचा दुसऱ्यावर थेट परिणाम झाला असं मी म्हणत नाही. पण ३०२ मध्ये फिरून आल्यावर तो कॉरिडॉर ओळखीचा वाटतो एवढं नक्की.

आणि हे टीम सायलेंटचं, म्हणजे मालिकेच्या मूळ चमूचं, शेवटचं काम. त्यानंतरचे गेम बाहेरच्या चमूंकडे गेले, 'ओरिजिन्स' २००७ मध्ये, 'होमकमिंग' २००८ मध्ये. ते बहुतांशी दुसऱ्या गेमच्या सावलीत राहिले. शेवटच्या कामात मूळ चमूने मात्र धुकं, रेडिओ, टॉर्च, ते गावसुद्धा बाजूला ठेवायची हिंमत दाखवली. फसलेल्या गोष्टी आहेतच, त्या मी मागे घेत नाही. पण असं फसायला धाडस लागतं. एवढं मी आज कबूल करतो.

चौथामजला

मी फक्त रिमेक खेळलोय. तुमचं सगळं वाचलं, स्पॉयलर असूनही, आता राहवत नाहीये. आज खेळायचा तर कुठे मिळेल? आणि नवख्याने काय सांभाळावं?

कडीकुलूप

स्वागत! पीसीसाठी जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर २०२० पासून मिळतो, तोच सोपा मार्ग. कंट्रोलर जोडा, कीबोर्डवर कॅमेरा त्रास देतो. हेडफोन लावून खेळा.

पवित्र मेणबत्त्या आणि पदकं पहिल्या भागात उधळू नका, साठवा. पदक अंगावर असलं की भुताचा त्रास कमी होतो, पण ते तडकत तडकत फुटतं. तलवारी सिंथिया आणि रिचर्डसाठी राखून ठेवा, हे दोघं सगळ्यात चिवट. एकदा खुपसलेली तलवार उपसली की भूत मोकळं होतं, ते लक्षात असू द्या. दर वेळी घरी आल्यावर आधी सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारा, मग सेव्ह करा.

आणि एक महत्त्वाचं. दुसऱ्या भागात जिन्यावर बसलेला वॉल्टर एक जुनी बाहुली देऊ करेल. इलीनने लहानपणी त्याला दिलेली बाहुली आहे ती, गेममधली बहुधा सगळ्यात हळवी वस्तू. ती घेऊन घरच्या पेटीत ठेवलीत तर जो उपद्रव सुरू होतो तो मेणबत्तीने जात नाही. मला हे माहीत होतं. तरी यावेळी मी घेतली. नाही म्हणवलं नाही.

पाऊसवेडी

मीही घेते. दर वेळी.

चौथामजला

सुरू केला. स्टेशन संपलं. सतरा नाही, सोळाच ठसे आहेत, दोनदा मोजले. कपाट सरकवून छिद्रातून शेजारच्या खोलीत बघितलं. पलंगावर गुलाबी ससा बसलाय, बाकी काही नाही.

निशाचर

इलीनवर हल्ला झाल्यानंतर पुन्हा एकदा बघा त्या सशाकडे. आत्ता काही सांगत नाही.